गरम जेवणापुरती प्रार्थना

स्लिक्के घराण्यात चार पिढ्यांत कुणी देवाचं नाव घेतल्याशिवाय तोंडात घास घातलेला नाही. बेटावरच्या आउडेडाइक गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील. सांगताना एवढंच गाळतील की नाव घ्यायचं काम दर पिढीत एकच माणूस करी आणि बाकीचं घराणं डोळे मिटून बटाटे गार होण्याची वाट पाही.

गेल्या पिढीतला तो एक माणूस म्हणजे म्हातारे इझाक स्लिक्के. दुपारच्या गरम जेवणाआधी ते खुर्चीमागे उभे राहत आणि मोठ्याने प्रार्थना करत. तीत राजघराणं येई, मंत्रिमंडळ येई, समुद्रावरची जहाजं येत, चर्चच्या मंडळीतले आजारी नावानिशी येत आणि शेवटी 'वाट चुकलेले' येत. तिथे त्यांचा आवाज किंचित उतरे, आणि मुलगी हेस्टर काय ते समजून घेई. ती उट्रेक्टला शिकायला गेली होती आणि येताना गिटार वाजवणारा नवरा घेऊन आली होती. तेव्हापासून तिचा मुक्काम त्याच कलमात होता. इझाकची बायको तानेत्ये बटाट्यांचं पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगावर दुलईखाली ठेवी. नवऱ्याची जहाजं समुद्रात निघाली की ती दबक्या पावलांनी उठे, आणि आजाऱ्यांची नावं संपेपर्यंत पातेलं टेबलावर आलेलं असे. ही तिची शिस्त इतकी चोख होती की प्रार्थनेत ती उठते हे कुणाच्या ध्यानात येत नसे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असत.

फेब्रुवारीत इझाक गेले. आणि तेव्हापासून तानेत्येने गरम जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे तसं जाहीर काही केलं नाही. थोरला मुलगा क्राइन याच्या शेताच्या कडेला तिचं छोटं घर होतं; तिथे ती ताकातली लापशी आणि दुधात भिजवलेला टोस्ट यावर राहू लागली. उन्हाळ्यापर्यंत तिचे काळे कपडे तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबू लागले. क्राइनची बायको कोबा ईस्टरला मांस-बटाट्याचं ताट झाकून घेऊन गेली, तर ते झाकलेलंच परत आलं. "आता ते जेवण जात नाही गं," एवढंच सासू म्हणाली. डॉक्टर म्हणाले, वयाला आणि दुःखाला औषध नाही. पण असंच चाललं तर हिवाळा जड जाईल. हे शेवटचं वाक्य क्राइनच्या डोक्यात कांदे काढायच्या सगळ्या हंगामात खड्यासारखं राहिलं.

हंगाम संपल्यावर कोबाच्या स्वयंपाकघरात दोन्ही जोडप्यांची, चौघांची बैठक झाली. हेस्टर शिक्षिका होती, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा उलगडा करण्याचं काम आपसूक तिच्याकडे येई. तिने सांगितलं की आईचं दुखणं पोटाचं नाही. बघा, लापशीला आणि पावाला आपल्यात मुकी प्रार्थना चालते, ती आई स्वतःशी करते आणि खाते. गरम जेवणाला मोठ्याने प्रार्थना लागते, आणि ती पुरुषाने करायची असते. बाबा गेले, टेबलावरचा आवाज गेला. आवाजाशिवाय आईला गरम घास गिळवत नाही.

हे इतकं बेतशीर जुळलं की कोबाने लगेच सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली. आईला विचारून बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही. असल्या गोष्टी विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

मग प्रश्न उरला, आवाज कुणाचा. बाईने टेबलावर पुरुषांदेखत मोठ्याने प्रार्थना करायची नाही हा नियम हेस्टरला उट्रेक्टमध्ये रानटी वाटे. पूल ओलांडून इकडे आली की तिला तो फक्त जुना वाटे. तिचा नवरा रुबेन आनंदाने तयार होता. पण त्याचा प्रयोग एप्रिलमध्येच झाला होता. सासूच्या टेबलावर त्याने हात वर पसरून, "पप्पा, तू किती भारी आहेस," अशी सुरुवात केली होती. तेव्हा तानेत्येने डोळे उघडून मुलीला हळूच विचारलं होतं, "याचे वडील आलेत का?"

तिसरं नाव घेतल्याशिवायच सगळ्यांना माहीत होतं. मंडळीचे एक वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले मानकरी, कोपेयान यांनी गेल्याच रविवारी क्राइनला चर्चबाहेर गाठून सुचवलं होतं की रोज दुपारी विधवा भगिनीच्या घरी जाऊन इझाकांच्या खुर्चीमागून प्रार्थना करायला आपली काही हरकत नाही. कोपेयान स्वतः विधुर होते.

"आज प्रार्थनेला येतील," कोबा म्हणाली, "उद्या जेवायला थांबतील. परवा घरात घालायच्या सपाता घेऊन येतील."

हेस्टरने मान डोलावली. नणंद-भावजयीचं लग्नापासून एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. पडद्यांच्या रंगावरून त्या एकदा वर्षभर अबोल राहिल्या होत्या. त्या दोघींनी आता एकदम क्राइनकडे पाहिलं. आभारदिन नोव्हेंबरच्या पहिल्या बुधवारी होता. पिकासाठी आणि कामासाठी देवाचे आभार मानायचा दिवस, दुकानं बंद, सकाळी चर्च आणि मग आईच्या घरी सगळ्यांचं गरम जेवण. थोरला मुलगा. बाबांची खुर्ची. यात न जुळण्यासारखं काही नव्हतं.

क्राइनने कॉफीचा कप उगाच फिरवला. त्याच्याकडे एक गोष्ट होती जी त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. त्याच्या स्वतःच्या टेबलावर लग्नापासून मुकीच प्रार्थना होती, आणि असल्या मुकेपणात तो लहानपणापासून फुटबॉलच्या एका जुन्या संघातले खेळाडू ओळीने आठवत असे. गोलरक्षकापासून सुरू करून डाव्या कोपऱ्यापर्यंत आलं की 'आमेन' म्हणायची वेळ बरोबर होई. रविवारी पाहुणे असले की राखीव खेळाडूही घेई. डोळे उघडताना त्याचा चेहरा इतका शांत दिसे की कोबा माहेरी त्याचं उदाहरण देई.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"येत नाही म्हणजे?" हेस्टर म्हणाली. "तोंड उघडायचं आणि देवाशी बोलायचं. पाच वर्षांची पोरं करतात."

"मग एखादं पोर आण."

"क्राइन, आईची हाडं दिसायला लागलीत."

आणि असा क्राइन स्लिक्के पन्नाशी उलटल्यावर प्रार्थना शिकायला निघाला.

पहिल्यांदा तो गेला कोपेयानांकडेच. शत्रूच्या घरात शिकवणी लावण्यासारखं होतं ते, पण गावात या विषयातलं अधिकारी माणूस दुसरं नव्हतं. कोपेयानांनी सिगार पेटवला आणि प्रश्न ऐकून त्यांना खरोखरच वाईट वाटलं. प्रार्थना शिकता येत नाही, ते म्हणाले, ती वरून दिली जाते. ज्याच्या मनाचा पालट झालेला नाही त्याने केलेली प्रार्थना देवाला किळसवाणी वाटते. उलट प्रार्थना न करणं हे उघड पाप आहे.

क्राइनने दोन्ही बाजू तपासून पाहिल्या. बाहेर पडायला दार दिसेना. "मग माणसाने करायचं काय?"

"थांबायचं."

"कुठवर?"

"माझे वडील मरेपर्यंत थांबले."

"मिळाली त्यांना?"

कोपेयान सिगार विझला आहे का ते बारकाईने पाहू लागले. "आशा आहे," ते म्हणाले.

मग रुबेनची पाळी. त्याच्या चर्चचं हूस गावात शनिवारचं शिबिर होतं, 'प्रार्थनेची गोडी' नावाचं. गालापाशी माइक लावलेली एक हसरी मुलगी मंचावर इकडून तिकडे चालत होती. सगळ्यांना रंगीत कार्डं वाटली गेली. पहिल्या कार्डावर 'तुमच्या आत्म्याला आत्ता कशाची तहान आहे?' असं होतं. क्राइनने प्रामाणिकपणे 'कॉफी' लिहिलं. दुसऱ्यावर 'मी प्रार्थना का करतो?' याचं कारण एका ओळीत लिहायचं होतं. कारण सापडलं की गोडी आपोआप लागते, असं त्या मुलीचं म्हणणं होतं. क्राइनने लिहिलं, 'आईने बटाटे खावेत म्हणून.' मुलीने ते वाचलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अजून खोल जायला सांगितलं. तो खोल गेला. तिथेही बटाटेच होते.

शिबिरातलं एक मात्र त्याच्या लक्षात राहिलं. प्रार्थना म्हणजे नातं, मुलगी म्हणाली, जसं नवरा-बायकोचं असतं. गाडी घरी वळवताना तो कोबाशी रोज काय बोलतो ते आठवू लागला. गटार तुंबलंय. कुत्र्याने परत चप्पल नेली. उद्या वारा आहे. देवाला एवढ्यावर भागत असेल तर जमण्यासारखं होतं. पण भागत नसणार, हे इझाक स्लिक्केच्या मुलाला पक्कं माहीत होतं.

अडचण होती ती संबोधनाची. त्या घरात आईला 'तुम्ही', बापाला 'तुम्ही' आणि देवाला 'आपण'. तेही जुन्या बायबलातल्या भारदस्त भाषेतलं 'आपण', जे आता दुसऱ्या कुणासाठी वापरात उरलेलं नव्हतं. 'तू' होतं ते शेडात. कांद्याच्या शेडात गावची बोली चाले, आणि तीत कामगार, कुत्रा, ट्रॅक्टर सगळे 'तू'. शेडाबाहेर पाऊल टाकताना मातीचे बूट काढावेत तशी बोली दाराशी काढून ठेवायची, ही तानेत्येची शिकवण. ती शाळामास्तरांची लेक होती.

क्राइन शेडात कांदे निवडायचं यंत्र सुरू करी आणि त्याच्या खडखडाटात मोठ्याने सराव करी. "हे सर्वसमर्थ आणि कृपाळू देवा, आपण..." इथपर्यंत छान जाई. पण आयुष्यात 'आपण' त्याने फक्त सरकारी पत्रव्यवहारात वापरलं होतं, त्यामुळे पुढचं वाक्य हमखास 'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की' याच वळणाने निघे. एकदा कोबाने ते दारातून ऐकलं. ती काही न बोलता परत गेली आणि त्या संध्याकाळी तिने त्याला विचारलं की पाटबंधारे खात्याचं काही लफडं झालंय का.

बुधवार उजाडला. चर्चमध्ये कापणीचा उपदेश झाला, स्तोत्रं नेहमीच्या संथ चालीत गायली गेली, उपदेशात चघळायच्या पेपरमिंट बाकांवरून फिरल्या. मग सगळे तानेत्येच्या घरी आले आणि कोटाच्या खुंटीवर कोपेयानांची टोपी आधीच लटकलेली पाहून दारातच अडखळले.

"त्यांना मीच बोलावलं," तानेत्ये म्हणाली. "बसा आता."

हेस्टरने कोबाकडे पाहिलं. कोबाने क्राइनकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता: आज जमलं नाही तर सोमवारपासून सपाता.

टेबलावर बटाटे होते, छोटे कोबी होते, आणि सकाळपासून मंद आचेवर सुटं होईपर्यंत शिजवलेलं गाईचं मांस तपकिरी रश्शात होतं. तानेत्येच्या समोरही ताट होतं. लापशीचा वाडगा कुठे दिसत नव्हता, पण तिने तो कधीही आणावा अशा बेताने ती दाराजवळ बसली होती. तिचं मनगट टेबलाच्या कडेवर टेकलं होतं. घड्याळाचा पट्टा त्याच्याभोवती सैल फिरत होता. क्राइनने ते पाहिलं आणि जाऊन बाबांच्या खुर्चीमागे उभा राहिला. कोपेयानांनी भुवया वर केल्या, मग डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

"हे सर्वसमर्थ आणि कृपाळू देवा, आपण..."

आणि गोलरक्षकाचं नाव आलं. अगदी जिभेच्या टोकाशी आलं. त्यामागे दोन बचावपटू उभे होते. क्राइनने दात घट्ट मिटले. राजघराणं आठवेना, मंत्रिमंडळ आठवेना. शांतता वाढत गेली. रश्शावर साय धरू लागली. कुणाचा तरी काटा ताटाला लागला. मग कोपेयानांनी घसा खाकरला. मृदू, मदतीला धावून येणारं ते खाकरणं होतं, आणि पाठोपाठ त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

तेव्हा क्राइनच्या तोंडून शेड बोलू लागलं.

"देवा, मला न्हाई येत ह्ये," तो म्हणाला. "बाबा करायचं. मी निसता डोळं मिटून बसायचो, आन् तुझ्याशी बोलत बी नव्हतो, आता खोटं कशाला सांगू. आई जेवंना झालीया. हाडं वर आल्यात तिची. डॉक्टर म्हनतो हिवाळा जड हाय. बाबा तर गेलं, आता ही बी गेली तर मी कुनाकडं जाऊ? मला लई भ्या वाटतंय बग. तिला जेवू दे. जहाजं-बिहाजं तुझी तू बघशीलच. आमेन."

कुणी लगेच डोळे उघडले नाहीत. त्या खोलीत देवाशी कुणी बोलीत बोललेलं नव्हतं. ती खोली काय, साऱ्या बेटावर बोललं नसावं. हेस्टरला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. रुबेनच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि कार्डांचा उपयोग झाल्याचं समाधानही. कोपेयानांची खुर्ची होती तिथे परत आली. क्राइन खुर्चीची पाठ धरून उभा होता. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

तानेत्येने बटाट्यांवरचं झाकण काढलं, दोन बटाटे घेतले, काट्याने फोडले, रस्सा ओतला. मांसाचा एक तुकडा कापून तोंडात घातला. सगळं टेबल तिच्या जबड्याकडे पाहत होतं. तिने सावकाश चावला, गिळला आणि दुसरा कापला.

"मीठ द्या इकडे," ती म्हणाली.

कोबी खाल्ला. बटाटे पुन्हा घेतले. हेस्टर रुमालात रडली, आणि कोबाने, जी पडद्यांचा रंग अजून विसरली नव्हती, तिचा हात हातात घेतला. रुबेनने मेहुण्याच्या कानाशी पुटपुटून सांगितलं की पुढच्या शिबिरात त्याने हे सगळं मंचावर येऊन सांगायलाच हवं, लोकांना गोडी लागेल. बोलीचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता तो जेवणानंतर कोपेयानांनी सोडवला. आभाराची प्रार्थना त्यांच्याकडे आली. तीत त्यांनी, देव अडखळत्या ओठांचंही ऐकतो आणि आज आपल्या भगिनीचं मुख त्याने उघडलं, याबद्दल त्याचे भारदस्त 'आपण'मध्ये आभार मानले. बटाट्यांच्या तिसऱ्या वाढपापुढे व्याकरणाचा मुद्दा कुणी काढला नाही. आपल्या वडिलांच्या वेळी असं काही घडलं असतं तर बोलणाऱ्याला मंडळीपुढे उभं केलं असतं, हे कोपेयान नंतर कॉफी घेताना म्हणाले खरे, पण कौतुकानेच. आणि मग, सोमवारी येतो, असंही म्हणाले. हेस्टर आणि कोबा दोघींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

क्राइन भांडी पुसायला आईमागे आत गेला. एरवी तो जात नसे. पण त्याच्या आत काहीतरी सुटं झालं होतं आणि ते घेऊन माणसांत बसवत नव्हतं. त्याला शेडात जाऊन दार लावावंसं वाटत होतं आणि पुन्हा बोलावंसं वाटत होतं. समोर ताट नव्हतं, कुणी डोळे मिटून वाट पाहत नव्हतं, तरीही. कार्डावर एका ओळीत मावेल असं कारण त्याच्याकडे अजूनही नव्हतं. फक्त कुणीतरी ऐकलं होतं.

"आई," तो म्हणाला, "ते बोलीतलं... तुम्हाला चाललं ना?"

"कुठलं?"

"प्रार्थना."

"हां, ती." तानेत्येने पातेलं खरवडायला घेतलं. "आटोपशीर होती. बटाटे गरम राहिले. तुझ्या बाबांना मी कितीदा म्हणायचे."

क्राइनने एक ताट पुसलं, मग तेच परत पुसलं. "इतके महिने तुम्हाला घास जात नव्हता. आणि आज..."

"जाणार कसा? खालची कवळी तडकली होती. अंत्यविधीच्या दिवशी, तो कोपेयानांच्या घरचा केक. हिरडीत अशी रुतायची की गरम काही लागलं तर डोळ्यांपुढे काजवे."

"सांगितलं का नाही मग?"

"कुणाला सांगणार? दातांच्या डॉक्टरकडे बाबाच न्यायचे." तिने पातेलं पालथं घातलं. "आणि दारातून ऐकलं तर तुम्ही सगळे कोबाकडे बाबांच्या आवाजाबद्दल इतकं छान बोलत होतात. मध्येच कवळी कुठे काढायची?"

"नवी कधी बसवलीत?"

"काल. कोपेयान घेऊन गेले होते, गाडीतून."